हिरवळीवरचं डालगं

एका राज्यात गवताला पहारा होता, माणसांना नव्हता.

राजवाड्यासमोर हरळीची हिरवळ पसरलेली. राणी गुणवंता लग्न होऊन आली, तेव्हा माहेरच्या ओढ्याकाठची हरळी तिने ओल्या फडक्यात बांधून आणली होती. गुडघे टेकून, एकेक कांडं बोटाने मातीत दाबून तिने ती लावली. हिरवळ दाट झाली, देखणी झाली, परमुलखातले राजे ती बघायला येऊ लागले. मग ती थोरांच्या नजरेत भरली. दरबारात तीन थोर होते आणि त्यांतले सर्वांत थोर प्रधान धीरोदत्त. त्यांनी सभोवती सोन्याच्या तारेचं कुंपण घातलं, भालदार उभे केले आणि रीत पाडली, की हिरवळीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही. राणीनेसुद्धा नाही. जिने लावली ती तारेबाहेर उभी, आणि ज्यांनी जन्मात खुरपं धरलं नाही ते गवताचे धनी. थोरपण थोरपण म्हणतात ते हेच.

त्या राज्यात थोरांची चूक होत नसे. झालीच, तर लगेच तिची रीत होई.

एके वर्षी भिवरा नावाची चेटकीण त्या वाटेने आली. डोक्यावर बांबूचं डालगं, डालग्यात कोंबड्या. घटकाभर टेकावं म्हणून तिने डालगं उतरवलं, तर कोंबड्या पाय मोकळे करायला तारेखालून आत शिरल्या. धीरोदत्तांनी भालदारांना खूण केली. कोंबड्यांना काठ्या बसल्या, भिवरेला धक्के बसले. सारा दरबार सज्जात जमला होता. भिवरेने वर पाहिलं आणि शाप उच्चारला, "या हिरवळीवर ज्याचा जीव, त्याची काया या हिरवळीवर. गवत मरेल तसा तो पाषाण होईल."

आता शाप कानी पडू नये म्हणून कानांत बोटं घालायची, ही तिथली फार जुनी रीत. इतकं ऐकताच तिन्ही थोरांनी, महाराजांनी आणि झाडून साऱ्या दरबाराने कानांत बोटं घातली. भिवरा पुढेही बोलत राहिली. तिचे ओठ हलताना सगळ्यांनी पाहिले. काय बोलली, ते एकाही शहाण्याने ऐकलं नाही.

"आमचा तर प्राणच या हिरवळीत," असं तिन्ही थोर रोज म्हणत. त्यांना काही झालं नाही. हिरवळ कडेने पिवळी पडू लागली, आणि राणी गुणवंतेच्या पायांची बोटं दगडाची झाली.

राणीला एकच लेक, पोवळा. ती रोज आईचे पाय चेपायला बसे. आधी बोटं थंड लागली, मग टाचा, मग घोटे. वैद्य आले, मांत्रिक आले, दक्षिणा घेऊन गेले. बाहेर थोरांनी पिवळ्या गवतावर पानांचा हिरवा रस कुंचल्याने फिरवायला माणसं लावली. रोज सकाळी तारेपाशी उभं राहून ते म्हणत, "सर्व हिरवं आहे, महाराज." राजा भानुसेन मान हलवी. तो दुष्ट नव्हता. वडीलधाऱ्यांनी सांगितलं ते मानायचं, एवढंच त्याला कोणीतरी लहानपणी शिकवलं होतं, आणि त्यापुढे त्याचं शिक्षण गेलं नव्हतं.

एका सकाळी पोवळेने आईच्या गुडघ्याला तेल लावलं. तेल मुरलं नाही. घरंगळून जमिनीवर पडलं.

"दुखतंय, आई?"

"नाही गं. तेच वाईट," राणी म्हणाली. "तुझा हात आहे हे बघून कळतं. लागत नाही."

पोवळा उठली, वाटी तशीच टाकून बाहेर आली आणि पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून रडली. पाटाच्या मोरीतून आवाज आला, "रडून झालं की सांग. इथे दमट आहे, मला बाहेर यायचंय."

मोरीतून एक कवड्या रंगाची कोंबडी बाहेर आली. भिवरेच्या कोंबड्यांतली ती एक, पळापळीत मागे राहिलेली. तिचं नाव कवडी.

"तू बोलतेस?" पोवळेने विचारलं.

"पहिल्यापासून. शाप मी सबंध ऐकला. मला बोटं नाहीत, कानात काय घालणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? तुझ्या त्या प्रधानाला दोनदा हाक मारली. तो म्हणाला, हुश्श."

"पुढे काय म्हणाली भिवरा?"

"म्हणाली, ज्यांना हाकलताय त्याच उपाय आहेत. कसा, ते तिच्याकडून ऐक. चल, वाट मी दाखवते. मला उचलून घे पण, माझे पाय आखूड आहेत."

पोवळा कवडीला काखेत घेऊन निघाली. नदीने वाट दिली, डोंगर जरा बाजूला सरकला, आणि भिवरेचं खोपट आलं. भिवरा दारात डालगं विणत होती.

"तुझा राग त्यांच्यावर होता," पोवळा म्हणाली. रामराम नाही, नमस्कार नाही. "मग पाय माझ्या आईचे का?"

"मला वाटलं होतं, जे एवढे ओरडतात त्यांचाच जीव असेल."

"वाटलं होतं. तुम्हा मोठ्या माणसांना वाटतं, आणि भोगतं दुसरंच कोणी."

भिवरेने हातातली बांबूची कामटी खाली ठेवली.

"शाप मला मागे घेता येत नाही, पोरी," ती म्हणाली. "उपाय सांगता येतो. ऐक. खोटी स्तुती जमिनीत मुरली, की तिची हुमणी होते. पांढरी, जाड, बोटाएवढी अळी. ती खालून मुळं खाते. तुमच्याकडे रोज सकाळी थोडी थोडी पेरली जातेय. ती उकरून खाणारं कोंबडीवाचून कोणी नाही. तीन कामं कर. पहिलं, या कोंबड्या चोरून नेऊ नकोस. डालगं डोक्यावर घे आणि मुख्य दाराने आत जा. दुसरं, त्या उकरायला लागल्या की कोणालाही हुश्श म्हणू देऊ नकोस, काहीही दिसलं तरी. तिसरं अवघड आहे. सगळं चांगलं होतंय असं दिसेल, तेव्हाच कोंबड्या उचल."

"तेव्हा कशाला उचलायच्या?"

"कोंबडी किडा सोडून कोंब टोचायला लागली, की ती औषध राहत नाही. तेव्हा तुला कळेल."

मुख्य दारावर राजकन्या आली ती डोक्यावर डालगं घेऊन. केसांत पिसं, खांद्यावर शीट. दरवान गोंधळले, मग वाकले. तिन्ही थोर आडवे आले.

"राजकन्ये," धीरोदत्त म्हणाले, "हे कुळाला शोभत नाही. मागच्या दाराने घेऊन ये, आम्ही पाहिलं नाही असं म्हणू."

"तुम्ही आजवर काय पाहिलंत, प्रधानजी? माझी आई गुडघ्यापर्यंत दगड झाली. ते पाहिलंत?"

"आम्ही तुझ्या आजोबांच्या वेळेपासून इथे आहोत."

"म्हणूनच इतकं वाळलंय. बाजूला व्हा, नाहीतर डालगं तुमच्या डोक्यावर देते."

ते बाजूला झाले. पहिलं काम झालं.

पोवळेने राणीचा पलंग उचलवून तारेपाशी आणला आणि तार तोडून कोंबड्या आत सोडल्या. त्यांनी आधी मान वाकडी करून जमीन ऐकली. मग पाय मागे फेकत उकरायला लागल्या. वरचं वाळकं, गुंतलेलं जाळं फाटून दूर उडालं. हिरवा रस लावलेलं गवत मुळाशिवाय हातात यावं तसं पायांत आलं. कवडीने एक खड्डा केला, त्यात आडवी पडून पंखांनी माती अंगावर घेतली. घटकाभरात ती नामांकित हिरवळ नांगरल्या शेतासारखी झाली.

आणि दगड गुडघ्यावरून कमरेला आला, कमरेवरून छातीला.

"मारलं," धीरोदत्त म्हणाले. "पोरीने आईला मारलं. हाकला त्या पक्ष्यांना."

राजा भानुसेन धावत आला. त्याने दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. पोवळा त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबामहाराज, एवढं एकदा हुश्श म्हणू नका."

"अगं, ती जातेय. मला दिसतंय ना."

"तुम्हाला कालपर्यंत हिरवं दिसत होतं."

राजाचे हात हवेत राहिले. दगड राणीच्या गळ्याशी आला होता. राणीने मान न हलवता त्या उकरलेल्या जमिनीकडे पाहिलं.

"उकरू दे," ती म्हणाली. "मी लावली ना, तेव्हाही अशीच दिसत होती. अशीच माती वर. वास येतोय बघ."

राजाने हात खाली घेतले. मातीतून हुमण्या निघत होत्या, पांढऱ्या आणि गुबगुबीत. एकेक चोचीत फुटली की बारीक आवाज येई, "सर्व हिरवं आहे, महाराज." आवाज कोणाचा, ते सगळ्यांनी ओळखलं. धीरोदत्तांनी कानांत बोटं घातली. दुसरं काम झालं.

शेवटची हुमणी फुटली, तशी मातीत दडून राहिलेली हरळीची कांडी डोळे उघडू लागली. सुईच्या अग्राएवढे कोंब. कोंबड्यांची शीट मातीत मिसळली होती, त्यावर ते भराभर वर आले. दगड गळ्यावरून उतरला, छातीवरून उतरला, कमरेवरून उतरला. राणीने हात उचलून पोवळेच्या गालाला लावला. हात गरम होता. दगड घोट्यांशी येऊन थांबला.

"धन्य या कोंबड्या," धीरोदत्त पुढे होऊन म्हणाले. "आम्ही म्हणतच होतो. महाराज, आणखी शंभर आणवा. कोंबड्या अखंड हिरवळीवर राहतील, कोणी त्यांना हलवायचं नाही, अशी रीतच पाडू."

पोवळेचंही मन तेच म्हणत होतं. घोटेच राहिले होते. अजून थोडा वेळ. आणि कवडी तर त्या खड्ड्यात जन्मल्यासारखी बसली होती. तिने आळसात मान लांब केली आणि समोरचा हिरवा कोंब टुचकन तोडला.

पोवळेने ते पाहिलं. तिने डालगं उचललं.

"काय करतेस?" राजाने विचारलं. "पाय राहिलेत तिचे."

"म्हणूनच, बाबा."

"मी नाही येत," कवडी म्हणाली. "इथे बरं आहे. आणि उपकार विसरायची एवढी घाई?"

"विसरत नाही गं," पोवळा म्हणाली. "कुंपणाबाहेर त्या जांभळीच्या झाडाखाली गवत वाळलंय, तिकडे तुझी गरज आहे. इथे आता तू खाल्लंस तर आईला खाल्लंस."

कवडीने एक डोळा तिच्यावर ठेवला. मग अंगावरची माती झटकून आपल्या पायांनी डालग्याखाली गेली. तिसरं काम झालं.

दगड मात्र घोट्यांवरच राहिला. थोर एकमेकांकडे बघून हसले. गवताला थोरांची पर्वा नसते, ते आपल्या वेळेने वाढतं. राणी आणि लेक तारेच्या जागी बसून राहिल्या. दुपार कलली. राणीने पोवळेच्या केसांतलं एकेक पीस काढलं. कोंब पातं झाला, पात्यातून नवं कांडं सरपटलं, कांड्याने कवडीच्या खड्ड्याची कड धरली. पोवळा सवयीने आईची टाच चेपत होती.

"हळू," राणी म्हणाली. "दुखतंय."

पोवळेने ऐकलं, आणि दोन्ही हातांत ती पावलं धरून ती पोटभर रडली.

मग राणी उठली आणि अनवाणी हिरवळीवर गेली. मागे पाऊल उमटलं, दबलं, पुन्हा वर आलं.

सोन्याची तार विकून भिवरेच्या खोपटावर नवं छप्पर चढलं. गवत वाळेल तिथे कोंबड्यांचं डालगं फिरवण्याचं काम धीरोदत्तांकडे आलं. ते म्हणाले, "कुठे ठेवायचं याची एकदा रीत ठरवून द्या."

"रीत नको," पोवळा म्हणाली. "रोज वाकून बघा, मग ठेवा."

वाकायला त्यांना फार जड गेलं. पण कवडी मागे उभी असे, आणि तिची चोच तिखट होती.

गोष्ट उकरून झाली, दाणे सांडून झाले. ज्याच्या अंगणात उगवेल, त्याने तीवर अनवाणी चालावं.