येसाक्काची पक्कड

आमच्या हिंगणपाडळीत वीज यायच्या कितीतरी आधी, गावाचा रस्ता फक्त बैलांनाच ठाऊक होता तेव्हा, वेशीपाशी येसाक्का राहायची.

तिला दागिन्यांचा नाद नव्हता, हत्यारांचा होता. बाजारात बायका बांगड्या बघायच्या आणि ही मोडीच्या ढिगात हात घालायची. हातोड्या, कानशी, पाने, जे मिळेल ते घरी आणायची, राखेनं घासायची, लेकरांसारखं एरंडेल पाजायची आणि भिंतीवर टांगायची. असं म्हणतात, की एखाद्या हत्याराला गंज धरू लागला तर ते शिंकायचं आणि येसाक्काला शेतात ऐकू यायचं.

सगळ्यांत लाडकी होती एक पक्कड. हातभर लांब, जबडा पुढेमागे सरकणारा. नथीच्या फिरकीपासून बैलगाडीच्या आसापर्यंत ती काहीही धरायची. एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून येसाक्का तिला जाऊबाई म्हणायची.

हत्यार मागायला आलेल्याला ती कधी नाही म्हणाली नाही. फक्त नेणाऱ्यानं आपली एक चप्पल ठेवून जायची. हत्यार निघालं त्याच खिळ्यावर चप्पल चढायची. ते पुसून, तेल लावून आणलं की चप्पल परत. पेरणीच्या दिवसांत निम्मं गाव एकाच चपलेवर लंगडत चालायचं. परगावचे पाहुणे म्हणायचे, इथल्या पाण्यातच काहीतरी दोष आहे.

एका वर्षी खाशाबा पाटलांनी मोटेचं चाक दुरुस्त करायला जाऊबाई नेली. काम झालं आणि पक्कड चिखलात पडून राहिली. आता पाटलानं पक्कडीला तेल चोळत बसायचं? त्यांनी चपलांचा नवा जोड घेतला.

"पाटील, तुमचा एक पाय माझ्याकडं राहिलाय," येसाक्का दिसेल तिथं म्हणायची.

"येतो, येतो," म्हणत पाटील दुसरी वाट धरायचे.

मग श्रावणात सात दिवस पाऊस थांबला नाही. गावावरचा तलाव काठोकाठ भरला. पाणी सोडायचं लोखंडी दार एका मोठ्या नटावर अडलं होतं. ते उघडलं नाही तर बांध फुटून गाव वाहून जाणार होतं. गड्यांनी पहारी लावल्या, दोर बांधून बैल जुंपले. नट हलेना.

येसाक्कानं नटावर हात फिरवला. "ह्याला जाऊबाईच पाहिजे," ती म्हणाली.

सगळ्या गावानं पाटलांच्या पायांकडं बघितलं.

पाटील धावत गेले आणि पक्कड घेऊन आले. जबडा गंजून घट्ट बसला होता.

"येसाक्का, त्याचं असं झालं, की माझी म्हैस…"

"कारण मागनं सांगा! आधी तेल आणा!"

मग गाव तेलाला पळालं. कुणी दिव्याचं आणलं, कुणी केसांचं, कुणी लोणच्याच्या बरणीतलं. म्हातारा गोंदाजी गुडघ्याचं तेल घेऊन आला. पाटील चिखलात फतकल मारून बसले आणि स्वतःच्या फेट्यानं जबडा घासू लागले. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटांवर आलं. शेवटी जबडा उघडला. असं म्हणतात, की तो आवाज तीन गावांत ऐकू गेला आणि लोणच्याचा वास पाच गावांत.

येसाक्कानं जबडा नटाला बेतून बसवला आणि सगळा भार टाकला. नट फिरला, दार उचललं गेलं आणि पाणी गर्जत ओढ्याला लागलं.

पाटलांनी पुन्हा तोंड उघडलं. "तर ती म्हैस…"

"राहू द्या पाटील," येसाक्का म्हणाली. "पक्कड आली ना घरी!"

आजही पावसाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावात येसाक्काचं तेल असतं. घरोघरी पक्कडी, पाने, कात्र्या, शिलाई मशीनसुद्धा पुसून तेल पितात आणि मागून आणलेली वस्तू ज्याची त्याला परत जाते. त्या दिवशी एकच नियम असतो. इतके दिवस कुठं होती, असं कुणी कुणाला विचारायचं नाही.

मागच्या वर्षी रंगनाथतात्यांनी शेजाऱ्याची लोखंडी शिडी परत केली. नेली होती चौदा वर्षांपूर्वी. तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत इतकं तेल चोपडलं होतं, की भिंतीला टेकवली की ती घसरून खाली बसत होती. शेजाऱ्यानं ती जमिनीवर आडवी ठेवली आणि तात्यांना चहाला आत बोलावलं.