घागरीवरचं झाकण

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि राणीला जुन्या बाजाराचं वेड होतं. राणी शेवंती तांबटाची लेक. बाजार भरला की साधं लुगडं नेसून ती ढिगापाशी बसे आणि कुणी टाकलेली पंचारती, कुणी विकलेला पेला हुडकून आणी. हुडकण्यातलं सुख ज्याने चाखलं, त्याला राजवाडाही अळणी लागतो. दरबारी मात्र नाकं मुरडत.

एकदा परमुलखातल्या मांत्रिकाने राजाकडे अर्धं राज्य मागितलं. राजा नाही म्हणाला. मांत्रिकाने त्याचे प्राण एका जुन्या वस्तूत कोंडले आणि जुन्या बाजारात दुकान मांडलं. इकडे राजाचा पायांपासून दगड होऊ लागला.

वाड्यातली साळुंकी बोलली, "राजाचे प्राण मांत्रिकाच्या दुकानातल्या एका वस्तूत आहेत. ती हिसकून मिळणार नाही, विकत मिळणार नाही. मांत्रिकाने आपल्या हाताने फुकट दिली तरच शाप तुटेल. तीनदा जा. चौथी वेळ नाही."

सेनापती तलवार घेऊन गेला. तलवारीचं गवत झालं, राजा कमरेपर्यंत दगड झाला. प्रधान मोहरांचा हंडा घेऊन गेला. मोहरांची खापरं झाली, राजा गळ्यापर्यंत दगड झाला.

राणी उठली. "प्रधानजी, तो बाजार माझा आहे. आता मी जाते."

भर दुपार होती. साधं लुगडं नेसून राणी मांत्रिकाच्या ढिगापाशी बसली. ढिगातली सारी भांडी चटके देत होती. एक बिनडब्याचं पितळी झाकण तेवढं माणसाच्या तळहातासारखं कोमट. राणीने ओळखलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. झाकण तिने ढिगात टाकलं आणि शेजारची घागर उचलली.

"केवढ्याला?"

"दहा मोहरा. राजाघरची आहे."

"राजाघरची, आणि बुडाचं भोक डाख लावून बुजवलेलं? दोन."

घासाघीस रंगली. राणी उठून चालूही लागली. मांत्रिकाने हाक मारून चारला घागर दिली आणि मिशीत हसला. राणी मात्र परत ढिगापाशी बसली.

"आता वर फुकट काय देता? इथली रीत आहे. नाहीतर घागर परत घ्या."

"द्या, द्या!" आजूबाजूचे दुकानदार ओरडले.

"ती समई द्या."

"छे!"

"मग तो अडकित्ता."

"मुळीच नाही!"

"मग घागरीचं तोंड झाकेल असं काहीतरी द्या, म्हणजे मी उठते."

घासाघिशीत भल्याभल्यांचं भान सुटतं, मांत्रिकाचंही सुटलं. "हे घे, आणि ऊठ!" म्हणत त्याने झाकण तिच्या ओटीत टाकलं.

झाकण खणखणलं. वाड्यात दगडाचे पापुद्रे गळाले, राजाने श्वास घेतला. शापाबरोबर मांत्रिकाची सारी विद्याही गेली. उरला तो भंगारवाला, आणि तोही कच्चा.

पुढच्या बाजारी राणी ढीग चाळत पुढे, आणि काठ तुटलेली परात डोक्यावर घेतलेला राजा मागे. एका परगावच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोण हो?"

"हे होय?" दुकानदार म्हणाला. "आमच्या राणीसाहेबांचे यजमान."

राजाने ते ऐकलं, परात सावरली आणि छाती काढून चालू लागला.