घागर टेकवायचा दगड

कड्यावरच्या कातळवाडीच्या पायथ्याशी एक विहीर आहे. पाणी भरपूर, पण कमानींचे दगड कुणीतरी काढून नेलेले. गावाचे भले करायला येणाऱ्याने आधी या विहिरीतली भरलेली घागर घेऊन कडा चढायचा, अशी इथली रीत. आम्ही संस्थेची मंडळी पाण्याच्या टाकीचा नकाशा घेऊन गेलो, तेव्हा वाडीतल्या कोंडाजीमामांनी नकाशाकडे न बघता घागर पुढे केली. वर पोचल्यावर, आम्ही धापा टाकत असताना, त्यांनी ही हकीकत सांगितली.

फार पूर्वी सगुणाबाई नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा या वाटेवर तहानेने गेला म्हणे. त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहावे, म्हणून तिने पायथ्याशी देखणी विहीर बांधली. काठावर त्याचे नाव कोरलेला दगड बसवला आणि शेजारी झोपडी घालून ती वाट पाहू लागली. कोणी आले नाही. ते नाव ती एकटीच मोठ्याने वाचायची.

एकदा वरच्या वाडीतली सोनाई नावाची म्हातारी खाली उतरली. हसून म्हणाली, "बाई, हीर झ्याक बांधलीस. आता पान्याला कडा चढायला शिकव!"

सगुणाबाईला राग आला. घागर भरून ती तडक निघाली. कडा तिने तोवर खालूनच पाहिला होता. अर्ध्या वाटेत पाय घसरला, पाणी सांडले. रिकामी घागर घेऊन ती वाडीत पोचली.

"पाणी कुठे हवं होतं तुम्हाला?" तिने विचारले.

"आत्ता इचारतीस व्हय?" म्हणत सोनाईने वाडीमागचा पाझरणारा कातळ दाखवला. तिथे टाके खोदायला हवे होते. पण सगुणाबाईचा पैसा कमानींत संपला होता. तिने कमानीच उतरवल्या. त्यांच्या दगडांत टाके बांधून झाले, तरी घागर टेकवायला सपाट जागा नव्हती. सपाट दगड एकच उरला होता, विहिरीच्या काठावरचा नावाचा; तोही नावाच्याच बाजूने सपाट. मागची बाजू ओबडधोबड होती.

"लावा," ती म्हणाली. "नाव वर येऊ दे."

पुढे ती पुन्हा पायथ्याच्या झोपडीत एकटीच राहिली, असे सांगतात.

आजही बायका त्याच दगडावर घागर टेकवतात. आम्हीही टेकवली. घागरींनी झिजून तिथे गुळगुळीत खळगा पडला आहे.

"मुलाचं नाव काय होतं?" मी विचारले.

कोंडाजीमामांनी खळग्यातले पाणी तळहाताने पुसले. "ते कुनालाच ठावं न्हाई," ते म्हणाले.