सर्वज्ञ यंत्राला एक प्रश्न

इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करता करता मी आठ वर्षं घरच्या घरी तर्कशास्त्र आणि संगणकाचं गणित शिकत होतो. प्रगती एवढीच, की न समजलेली पुस्तकं मला नावानिशी सांगता येत. पुस्तकं अर्थात वाचनालयाची.

एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष धैर्यशीलराव यांनी कृत्रिम बुद्धीचं यंत्र आणलं आणि भर सभेत जाहीर केलं, "हो किंवा नाही अशा कुठल्याही प्रश्नाचं हे बिनचूक उत्तर देतं. आता ती जाडजूड पुस्तकं रद्दीत!"

मी उठून म्हणालो, "साहेब, त्याला विचारा, या प्रश्नाचं उत्तर तू 'नाही' असं देणार का?"

यंत्र म्हणालं, "नाही."

"'नाही' देणार नाही म्हणालं, आणि दिलंच की! म्हणजे चुकलं."

"मग 'हो' धरा," अध्यक्ष म्हणाले.

"'हो' म्हणजे 'नाही' असं उत्तर देणार; पण दिलं तर 'हो'. तेही चूक."

अध्यक्ष लालबुंद झाले. "म्हेत्रे, तुमचा प्रश्नच खुळा आहे!"

"असेल, साहेब. पण ते तुम्ही ओळखलंत, यंत्रानं नाही."

सभा खो-खो हसली आणि पुस्तकं कपाटातच राहिली. "आणखी एक विचारा," असं कुणी म्हणालं नाही, हे माझं नशीब. मला तेवढा एकच प्रश्न येत होता.