उतारावरचे पांढरे दगड

त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. आदल्या दिवशी डोंगरात पडून गेलेल्या सरींनी गावच्या ओढ्याचं, वहाळाचं पाणी तेवढं गढूळ झालं होतं.

“मग गोल ठेवू, की उभे खांब?” विश्रामने पुन्हा विचारलं.

दत्तूबुवा मठीच्या ओट्यावर वाती वळत होते. विश्रामचं घर मठीला लागूनच. लहानपणापासून काही अडलं की पोर इकडेच यायचं. आता ते कॉलेजात होतं, आणि आपलं काय अडलंय हे बुवांना समजेल असं काही त्याला वाटत नव्हतं. तरी आलं होतं.

गोष्ट अशी होती. वहाळात आजवर बुडून गेलेल्या माणसांवर त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायचं होतं. ऐकायला जिल्ह्याहून साहेब येणार होते. त्यांना पटलं तर साकव होईल, निदान पायी जाण्यापुरता पूल, असं सर म्हणाले होते. पण आकृती एकच दाखवायची.

विश्रामने लॅपटॉप बुवांपुढे धरला. गावातल्या सगळ्या मरणांचं एक वर्तुळ, त्यात बुडालेल्यांची निळी फोड. मग सालवार उभे खांब. मग चढत गेलेली रेष. असं वर्गात कुणालाच जमत नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

“देखणं आहे,” बुवा म्हणाले. “वच्छी कुठाय यात?”

वच्छी त्याची काकी. आईमागे तिनेच त्याला वाढवलं, आणि एका श्रावणात ती वहाळात गेली.

विश्रामने निळ्या फोडीवर बोट ठेवलं. “यातच आली ती.”

बुवांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“पातळ झाली रे...”

बुवा उठले, काठी घेतली आणि उताराकडे चालू लागले. लॅपटॉप घेऊन विश्राम त्यांच्या मागोमाग गेला. उतार म्हणजे वहाळ ओलांडायची जागा. एसटी धरायची तर सगळं गाव तिथूनच पलीकडे जायचं. तिथली एक रीत होती. जिथून माणूस पाण्यात गेलं, तिथे काठावर घरच्यांनी एक दगड ठेवायचा आणि दिवाळीआधी त्याला चुना लावायचा. ज्याने त्याने आपापला. दुसऱ्याच्या दगडाकडे बघत राहणं बरं दिसत नसे.

“पाण्याकडे पाठ कर,” बुवा म्हणाले. “आता तुझ्या त्या चित्रांत बघून सांग. पाय कुठे घसरतो?”

विश्रामने वर्तुळ पाहिलं. खांब पाहिले. रेष पाहिली...

मग त्याने लॅपटॉप मिटला आणि तो वळला.

काकीचा दगड त्याला डोळे मिटूनही सापडला असता. दरसाल चुना तोच लावायचा. बाकीचे त्याने आज पहिल्यांदा पाहिले. गवतातले, काही निम्मे मातीत गेलेले. सगळे एकाच अंगाला. जिथे वहाळ वळतो आणि पाणी वरून संथ दिसतं, तिथेच, एकमेकांना खेटून.

तो खाली बसला. ओल्या मातीत बोटाने त्याने वहाळ काढला, त्याचं वळण काढलं, पायवाट काढली. मग एकेका दगडाकडे मान वर करून बघायचं आणि एक टिंब द्यायचं, असं चाललं. बुवा काठीला टेकून उभे होते. बराच वेळ गेला...

“हेच नेतो,” तो म्हणाला. “खांब नको, गोल नको.”

बुवांनी मान हलवली.

टिंबांच्या मधोमध, पाण्यालगत, थोडी जागा रिकामी राहिली होती. विश्रामची नजर तिथे गेली. आकृतीवर करणाऱ्याचं नाव लागतं. इथे ठळक बसेल... त्याने बोट टेकवलं.

काठी हळूच त्याच्या मनगटावर आली.

“तेवढी मोकळी राहू दे, विसू,” बुवा म्हणाले. “उद्या कॉलेजला जाताना तुला तिथूनच पाण्यात उतरायचंय.”