पाणवठ्याचा राखणदार

त्या रानात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरत असे, आणि राखणदार डुंबून उठेपर्यंत त्याला कोणी तोंड लावायचे नाही, असा रिवाज होता. राखणदाराची निवड होत असे, पण राखणदारी पिढ्यान् पिढ्या गव्याच्याच घराण्यात राहिली होती. तो बाहेर आला की उरलेले गढूळ पाणी इतरांनी प्यायचे.

वणव्यात डोंगर जळाला म्हणून एक सायाळ दोन पिल्लांसह तिथे राहायला आली. ते पाणी पिऊन धाकटे पिल्लू दगावले. तेव्हा ती गव्याकडे गेली आणि म्हणाली, "आधी सगळ्यांना पिऊ द्या, मग डुंबा."

गवा रागावला नाही. "बाई, रिवाज राखणदार ठरवतो. निवड जवळ आली आहे. वाटल्यास उभ्या राहा."

ती उभी राहिली आणि पाठिंबा मागत दारोदार फिरली. कुठे काय बोलावे, तिला ठाऊक नव्हते. भेकराकडे आधी गेली म्हणून चितळे रुसली. दारात उभे करून सगळ्यांनी ऐकून घेतले, आत या असे कोणी म्हटले नाही. सशीण तेवढी मोकळेपणी बोलली.

"तुमचे खरे आहे, ताई. माझीही दोन त्याच पाण्याने गेली. पण डोंगर हिरवा झाला की तुम्ही जाल. आम्हाला गव्याच्याच शेजारी दिवस काढायचे आहेत." मग म्हणाली, "तरी येते मी तुमच्या बाजूला."

निवडीच्या दिवशी ज्याने त्याने आपल्या उमेदवारामागे उभे राहायचे होते. सायाळीमागे एक लंगडे मुंगूस आले. सशीण गव्याच्या रांगेत होती, जमिनीकडे पाहत.

जिंकल्यावर गवा पाण्यापासून बाजूला सरला. "हिंमत केलीत, बाई. आजपासून माझ्याआधी तुम्ही प्यायचे. तुम्ही आणि तुमचे पिल्लू."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी कुठे मागितले?"

पिल्लाची जीभ कोरडी पडली होती. ते केव्हाच पाण्याशी धावले होते. सायाळ थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मान खाली घातली. तळाचे खडे दिसावेत इतके पाणी नितळ होते. ती पोटभर प्यायली.

तिने मान वर केली तेव्हा गवा पाण्यात उतरत होता. काठावर सगळे खोळंबले होते, मुंगूससुद्धा.  सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्या मिशांवरून स्वच्छ पाणी ठिबकत होते.