कारभाऱ्याचं ‘आपण’

फार फार पूर्वी, ढग डोंगराला टेकून पेंगत असत तेव्हाची गोष्ट. धुक्यातल्या एका गावात एक म्हातारा दवंडीवाला राहायचा. गाव केवड्याचं अत्तर करायचं. तिथल्या माणसांना स्वप्नंसुद्धा सुगंधी पडत. ओढ्यापलीकडच्या आळीतले लोक काच फुंकून अत्तराच्या कुप्या बनवत. म्हाताऱ्याने आपली एकुलती लेक तिथेच दिली होती.

गावाचा कारभारी लोकांचा मोठा लाडका. बोलणं असं, की ऐकणाऱ्याचं पोट भरावं! तो सांगे आणि दवंडीवाला डफ वाजवून ते गावभर नेई. अर्थाच्या भानगडीत म्हातारा कधी पडला नाही. हमालाने गाठोडं उघडून बघायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

व्यापारी येत होते तोवर दवंडी असे, ‘ही भरभराट मी आणली!’ लोक टाळ्या पिटत.

मग एके वर्षी दूरदेशीचे तांडे यायचेच थांबले. अत्तर पडून राहिलं. कारभारी म्हणाला, ‘आपण सगळे मिळून सोसू.’ लोकांचे डोळे भरून आले. पुढे चुली विझल्या, उपाशी माणसं त्याच्या दाराशी आली, तेव्हा आतून निरोप आला, ‘आम्ही विचार करतो आहोत.’

आणि एका सकाळी त्याने म्हाताऱ्याला बोलावलं. “सांग गावाला, हे त्यांनी केलं. पलीकडच्यांच्या कुप्याच गळक्या. काढा त्यांना वेशीबाहेर!”

म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. लेकीचं घर! पण त्याहून जास्त त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं आवाज तर त्याचाच होता.

गळक्या कुप्यांची कुजबूज आधीच गावभर पसरली होती. पारावर गाव जमलं, कित्येकांच्या हातात काठ्या. कारभारीही येऊन बसला. म्हाताऱ्याने डफ वाजवला आणि आजवरच्या दवंड्या ओळीने सांगितल्या.

“ऐका हो ऐका! भरभराट झाली, ती मी आणली! अत्तर पडून राहिलं, आपण सोसू! चुली विझल्या, आम्ही विचार करतो आहोत! आणि आज म्हणे, हे त्यांनी केलं!”

गर्दीतली एक आजीबाई म्हणाली, “अगं बाई! मग तो पहिला ‘मी’ कुठं गेला?”

साऱ्या माना कारभाऱ्याकडे वळल्या. तो उठला, गोड हसला. “हे बघा, आपण...”

“आपण नंतर,” लोक म्हणाले. “आधी ‘मी’ म्हणा.”

कारभाऱ्याचे ओठ हलले, शब्द काही फुटेना. लोकांनी काठ्या तिथेच टाकल्या आणि पडून राहिलेल्या अत्तराचं काय करायचं ते ठरवायला ते ओढा ओलांडून पलीकडच्या आळीत गेले.

तात्पर्य इतकंच: भरभराटीत जो ‘मी’ म्हणतो, त्याने पडत्या काळातही ‘मी’च म्हणावं, आणि तो ‘ते’ म्हणू लागला, तर काठी उचलण्याआधी त्यालाच विचारावं.